‘अ’पासूनच सुरुवात केली पाहिजे का?

प्रश्न: पत्र एका आईचं आहे. मुलगा चार वर्षं सात महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीत जातो. रोज दोन पानं गृहपाठ असतो, एक एबीसीडीचं आणि एक मराठी अक्षरांचं. मराठीत सध्या ‘अ’ ते ‘ऊ’ चालू आहे. मुलगा एक ओळ होण्याआधीच पेन्सिल टाकतो, टेबलाखाली जाऊन बसतो, रडतो. मग आई त्याचा हात धरून पान पुरं करते. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याच्या हातावर फटका मारला आणि नंतर बाथरूमचं दार लावून स्वतःच रडल्या. शेजारची त्याच वयाची मुलगी पानंच्या पानं लिहिते. सासूबाई म्हणतात, “आमच्या ह्याला चौथ्या वर्षी अख्खी बाराखडी येत होती.” मुलगा डावरा आहे, उजव्या हाताची सवय लावावी की नाही यावरून घरात दोन तट पडलेत. त्यांनी विचारलंय: मुलगा मंद तर नाही ना? हस्ताक्षराच्या क्लासला घालू का? माझं कुठे चुकतंय? आणि जाता जाता आणखी एक: मोबाईलवरचा ‘ल’ पुस्तकातल्या ‘ल’सारखा का नसतो, आणि शिकवायचा कुठला?

उत्तर:

तुम्ही पत्रासोबत त्या पानाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो चष्मा लावून नीट पाहिला. पहिल्या ओळीतल्या पहिल्या ‘अ’चं पोट मोठं आहे आणि त्याची काठी त्याच्यापासून बोटभर लांब, रुसल्यासारखी उभी आहे. दुसऱ्यात काठी जवळ आली आहे, पण वाकडी. तिसऱ्यात ती थेट पोटातूनच गेली. आणि चौथ्या अक्षरापासून सगळे ‘अ’ एकदम वळणदार, शिरोरेघेसकट. तिथून तुमचा हात सुरू होतो, हो ना? म्हणजे त्या पानावर तीन अक्षरं त्याची आहेत आणि उरलेलं पान तुमचं.

मला ती तीन अक्षरं आवडली. काठी लांब गेली हे त्याला कळलं, म्हणून त्याने ती दुसऱ्या खेपेला जवळ आणली. तिसऱ्यांदा जरा जास्तच जवळ. हे मंद मुलाचं लक्षण नाही, नेम धरणाऱ्या मुलाचं आहे. पुढच्या अक्षरात नेम लागलाही असता कदाचित, पण तोवर त्याचा हात धरला गेला होता.

आधी फटक्याचं बोलून टाकू. ते चुकलं, हे तुम्हाला माहीतच आहे, नाहीतर तुम्ही बाथरूममध्ये जाऊन रडला नसतात. त्याला जवळ घेऊन “मी मारायला नको होतं” एवढं सांगा आणि तो विषय संपवा. पेन्सिल आणि फटका यांची जोडी मुलाच्या डोक्यात पक्की झाली की ती सोडवायला फार वेळ लागतो. बालवाडीत मी बावीस वर्षं काढली. वही दिसताच हात पाठीमागे नेणारी मुलं दरवर्षी एखाद-दुसरं तरी असायचंच.

आता ‘अ’कडे या. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल, तर एक कागद घ्या आणि डाव्या हाताने ‘अ’ काढून बघा. एकावर एक दोन अर्धगोल, मग मधून निघणारी आडवी रेघ, मग हात उचलून काठी, मग पुन्हा हात उचलून शिरोरेघ. कुठे वळायचं, कुठे उचलायचं, उचलल्यावर पुन्हा कुठे टेकवायचं, हे सगळं एका अक्षरात. साधारणपणे मूल तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल काढू लागतं, चौथ्याच्या आसपास एकमेकींना छेदणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा, मग चौकोन. तिरक्या रेघा असलेला त्रिकोण पाचच्या आगेमागे जमतो. दोन-चार महिने इकडे की तिकडे, हे प्रत्येक मुलाचं वेगळं. अशा हाताला पहिलंच अक्षर म्हणून आपण ‘अ’ देतो, म्हणजे पोहायला शिकवताना विहिरीच्या खोल बाजूने सुरुवात करतो.

का देतो? वर्णमाला ‘अ’पासून सुरू होते म्हणून. पण वर्णमालेचा क्रम ज्यांनी लावला त्यांनी तो तोंडासाठी लावला. क, च, ट, त, प असं सावकाश म्हणून बघा. आवाज घशाजवळून निघतो आणि टाळू, मूर्धा, दात असं करत ओठांवर येऊन थांबतो. इतका देखणा क्रम, की तो पाठ म्हणायला मुलांना मजाच येते. म्हणू द्या, रोज म्हणू द्या. हाताला मात्र त्या क्रमाचं काही देणंघेणं नाही. ‘क’नंतर ‘ख’ लिहिताना ‘क’चा काडीचा उपयोग होत नाही.

हाताचा क्रम आपल्या भाषेने आपल्यापुढे कधीच ठेवलेला आहे. एखाद्या गोष्टीची अगदी सुरुवात करायची, तर आपण ‘गमभन शिकायचं’ म्हणतो. ग, म, भ, न. चारही अक्षरांना उजवीकडे काठी. काठी आली की अर्धं अक्षर आलं. ‘ग’ला डावीकडे नुसता वळसा, ‘न’ला गाठ आणि आडवी रेघ, ‘म’ची गाठ खाली, आणि ‘म’च्या डोक्यावरची रेघ तोडून तिथे वळण दिलं की ‘भ’. एका अक्षराची कमाई पुढच्या अक्षरात वापरता येते. ‘व’च्या पोटात रेघ दिली की ‘ब’, ‘व’च्या काठीपलीकडे शेपूट काढलं की ‘क’. ‘र’ला रेघेने काठी जोडली की ‘स’. ‘ट’चं तोंड बंद केलं की ‘ठ’, त्याला आत गाठ घातली की ‘ढ’. ‘प’च्या पोटात तिरकी रेघ गेली की ‘ष’. आणि ‘उ’ व ‘३’ हाताला बसले की ‘अ’ची डावी बाजू आपसूक तयार होते. असा उशिरा आलेला ‘अ’ येताना आ, ओ, औ, अं, अः असा आपला सगळा गोतावळा घेऊन येतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘म’ पक्का झाल्याशिवाय ‘भ’ नको. आणि घ-ध, थ-य या जोड्या तर मी मुद्दाम महिनाभर लांब ठेवत असे. जवळ आल्या की मोठी माणसंही गोंधळतात. दुकानांच्या पाट्या वाचून बघा.

तुमच्या मुलाचं नाव तुम्ही लिहिलंय, मी इथे लिहीत नाही. पण त्यात तीन अक्षरं आहेत, एकही जोडाक्षर नाही आणि त्यातलं एक ‘न’ आहे. सुरुवात तिथून करा. स्वतःचं नाव लिहायला कुठलंच मूल नाही म्हणत नाही. डब्यावर, बुटांच्या खोक्यावर, फ्रीजवर त्याचं नाव ठळक लिहून ठेवा. तो आधी ते चित्रासारखं ओळखेल, मग त्यातला ‘न’ इतर ठिकाणी दिसायला लागेल. “आई, बघ, माझा न!” असं बसच्या पाटीकडे बोट दाखवून एक दिवस ओरडेल. त्या दिवशी गृहपाठ नाही झाला तरी चालेल.

आता हात धरून लिहून घेण्याबद्दल. तुम्हाला वाटतं की त्याचा हात तुमच्या हातात असल्यामुळे त्याला वळण कळतंय. पुढच्या वेळी त्याच्या बोटांकडे लक्ष द्या, ती सैल पडलेली असतात. एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसासारखा तो बसलेला असतो, रस्ता पाठ होतो तो ड्रायव्हरला. ठिपके जोडून अक्षर काढण्याचंही बरंचसं तसंच. आमच्या वर्गात एक मुलगी ठिपक्यांवरून इतका सुबक ‘ठ’ काढायची की इतर पालक तिची वही बघायला मागत. एकदा मी शेजारी बसले तर लक्षात आलं, बाई खालून सुरुवात करतात, गोल उलट्या बाजूने फिरवतात आणि शेवटी वरची दांडी लावतात. अक्षराचं चित्र अगदी अचूक, चाल पूर्ण उलटी. ठिपके पुसल्यावर तिला कुठून निघायचं तेच कळेना. म्हणून पान किती भरलं हे बघू नका. हात कुठून निघतो, कुठे वळतो, ते बघा. त्यासाठी समोर नाही, त्याच्या शेजारी बसा, म्हणजे तुमचं आणि त्याचं अक्षर एकाच दिशेला तोंड करून असेल. तुम्ही एकदा मोठ्ठं काढून दाखवा, तोंडाने म्हणत: “वरून खाली, इकडे वळलो, थांबलो. आता काठी.” मग त्याला काढू द्या. तीनदा. बस्स.

आणि हे सगळं कागदावर कशाला? आपल्याकडे ‘धुळाक्षरं’ हा शब्द आहे. पाटीवर धूळ पसरून मुलं त्यात बोटाने किंवा काडीने अक्षरं गिरवायची. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या, पण खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची त्यांची पद्धत त्याआधीच इथल्या बालशिक्षणात पोहोचली होती. तिच्या मुळाशी आपल्या धुळपाटीचंच शहाणपण आहे: बोटाला आधी कळू द्या, पेन्सिलीला मागाहून कळेल. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालवाड्या चालवल्या, त्या परदेशी महाग साहित्यावर नाही. खडे, पानं, बिया, शंख-शिंपले, जे हाताशी होतं त्यावर.

तुमच्या हाताशी स्वयंपाकघर आहे. मोठ्या स्टीलच्या ताटात रवा पसरा. दोनच मुठी घ्या, जास्त नको. बोट फिरवल्यावर खालचा तळ चमकला पाहिजे, तरच अक्षर दिसतं. जाड थर दिला की नुसती चरी पडते आणि मूल त्यात डंपर चालवायला लागतं. (तेही चालेल, पण मग अक्षर विसरा.) दुसरं, दुपारी गच्चीत किंवा अंगणात एक मग पाणी आणि जुना रंगाचा ब्रश द्या. फरशीवर हातभर उंचीचा ‘ग’. उन्हाने तो दोन मिनिटांत उडून जातो, आणि ‘उडून जाणारं अक्षर’ ही मुलांच्या दृष्टीने केवढी मोठी जादू आहे हे केल्याशिवाय कळायचं नाही. मोठ्या अक्षराला खांद्यापासून हात हलतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं अशी हाताची तयारी होते. वहीतल्या दोन रेघांमधली जागा फक्त बोटांची, म्हणजे आपण शेवटून सुरुवात करतो.

बोटांसाठी वेगळे व्यायाम विकत आणायची गरज नाही. मटार सोलायला बसवा. कणकेच्या गोळ्याचे नाग करू द्या आणि त्या नागांची अक्षरं. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचं काम कायमचं त्याच्याकडे द्या. रांगोळीची चिमूट तर फारच कामाची. अंगठा आणि तर्जनी जशी जुळतात तशीच ती पेन्सिलीवर जुळायला हवीत, मधलं बोट फक्त टेकू म्हणून खाली. रेघ येईलच असं नाही, ठिपके येऊ देत. खडूचा आणि मेणखडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, लांबलचक कांडी नको. तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांनीच धरावा लागतो. पेन्सिल कशी धरायची यावर मी कधी भाषण केलं नाही, तुकडे मोडून ठेवत असे.

पाटी अजून मिळते. दगडी मिळाली तर उत्तम, तिच्यावर पेन्सिल थोडी अडखळत चालते आणि तो अडथळा हाताला वाट दाखवतो. गुळगुळीत व्हाइट बोर्डावर मार्कर सटासट घसरतो, नवशिक्या हाताला तो आवरत नाही. पाटीवरची पेन्सिल तो खातोय का, एवढं मात्र बघा. सतत खात असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तात लोह कमी असू शकतं.

तुमच्यापर्यंत ते व्हॉट्सॲपवरचं एक्स-रेचं चित्रही आलं असेल: लहान मुलाच्या मनगटाची हाडं अजून तयार नसतात, म्हणून सहा वर्षांपर्यंत पेन्सिल देऊच नका. मनगटातली हाडं कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू पक्की होतात, हे खरं. पण त्यावरून पेन्सिलबंदी निघत नाही. ज्याला गिरगटायचंय त्याला खुशाल गिरगटू द्या, भिंत वाचवायला जुना फ्लेक्स उलटा चिकटवा. बळजबरीने पानं भरून घेणं आणि हौसेने रेघोट्या मारणं यांत गल्लत नको.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात शोधूनही सापडली नाही. त्याला ऐकू काय येतं? ‘कमळ’ कशाने सुरू होतं विचारलं तर तो ‘क’ म्हणतो का? आपल्या अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच असतो, ही मराठी मुलांची मोठी सोय आहे. आवाज कानाला सुटा करता आला की अक्षर त्यावर लटकवायला खुंटी तयार होते. तो आवाजच सुटा झाला नसेल, तर ‘अ’ ही त्याच्या लेखी एक अवघड नक्षी आहे, जी काढल्याशिवाय खेळायला जाऊ देत नाहीत. रिक्षात बसल्यावर भेंड्या खेळा, गाण्यांच्या नाही, शब्दांच्या. ‘म’चे शब्द: मासा, मामा, मोबाईल, मॅगी. हसू द्या.

आता त्याच्यावरचं ओझं एकदा मोजू. मोठी एबीसीडी २६, छोटी २६. प्रमाण मराठी वर्णमालेत ५२ वर्ण. आकडे इंग्रजी दहा आणि मराठी दहा. हे झाले १२४ आकार, बाराखडीच्या आधीच. शिवाय दोन लिप्यांचे कायदे उलटे आहेत. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं लटकतं. एकाच संध्याकाळी एका वहीत खाली बसवायचं आणि दुसऱ्या वहीत वर टांगायचं, आणि मग आपण विचारतो, अक्षर रेघ सोडून का जातं! मराठीचा ‘१’ इंग्रजी नवासारखा दिसतो. ‘३’ आरशात धरला तर ‘६’ होतो. त्याने तीनचा सहा केला तर घाबरू नका, अशी उलटापालट सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसते. घरी निदान एवढं करा: एका दिवशी एकच लिपी. आणि शिरोरेघ सध्या तुम्हीच आधी आखून द्या, दोरी म्हणून. तो तिच्यावर कपडे टांगेल.

शाळेचं काय? टीचरशी भांडायला जाऊ नका. मीही त्या खुर्चीत बसलेय. वही कोरी दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी सात पालक दारात उभे असतात: “फी कशाची घेता?” ती पानं बऱ्याचदा मुलांसाठी नसतातच, पालकांसाठी असतात. उलट तुम्ही बोलायला गेलात तर टीचरला सुटल्यासारखंही वाटेल. साधं सांगा: “टीचर, घरी आम्ही ताटात आणि पाटीवर गिरवतोय. पंधरा दिवसांनंतर वहीत तो त्याचा त्याला जमतील तेवढी पाच-सहा अक्षरं काढेल, बाकीच्या ओळी कोऱ्या राहतील. हात धरून भरलेलं पान मी पाठवणार नाही.” पुढची गोष्ट ताणली गेलीच तर तुमच्या बाजूने बोलायला कागद आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आणि त्यात भर दिला तो खेळातून शिकण्यावर. दप्तराच्या ओझ्याबद्दलचं त्याच वर्षीचं केंद्राचं धोरण तर सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठच नको. आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने मुलांना वाचता-लिहिता यावं यासाठी मुदत धरली आहे ती तिसरीच्या अखेरीची. तुमचा मुलगा अजून पहिलीतही नाही. शाळा तरीही ऐकणार नाही अशी शक्यता आहेच. मग वहीत लाल शेरा येईल. येऊ द्या, तो शेरा तुम्ही सोसा, त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नका.

शेजारच्या मुलीबद्दल फारसं लिहीत नाही. तिला जमतंय, छान आहे. एवढंच बघा की तिच्या आईला विचारल्यावर ती मुलगी चिमटे लावू शकते का, जिना पाय बदलून उतरते का, हे कुणी सांगत नाही. आपण एकमेकींना फक्त वह्या दाखवतो.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी तुमच्याइतकं उडवून लावणार नाही. तुमच्या यजमानांना चौथ्या वर्षी बाराखडी येत असेलही, पण ती येत होती म्हणजे म्हणता येत होती की लिहिता? त्या पिढीतली बरीच मुलं थेट पहिलीत जायची आणि लिहायला तिथे बसायची. त्याआधी घरी तिन्हीसांजेला परवचा असे: श्लोक, पाढे, बाराखडी, सगळं तोंडी. म्हणजे सासूबाई खोटं बोलत नाहीत, त्या कानाच्या तयारीबद्दल बोलताहेत आणि तुम्ही हाताच्या. हे त्यांना वाद म्हणून नका सांगू, काम म्हणून द्या. “आई, तुम्ही ह्यांच्याकडून घेतलंत तसं संध्याकाळी ह्याच्याकडून तोंडी म्हणून घ्या.” आणि दसऱ्याला पाटीवर एकेकाची सरस्वती काढायची असते, ती त्यांनाच शिकवू द्या. एक, एक, एक असे ‘१’ मांडत ती तयार होते; आकड्याचा सराव आपसूक होतो आणि कुणी त्याला गृहपाठ म्हणत नाही.

डाव्या हाताचा प्रश्न तर प्रश्नच नाही. दहातलं साधारण एक माणूस डावरं असतं. हात बदलू नका. वही त्याच्या अंगाच्या जरा डावीकडे सरकवा आणि तिचं डोकं उजवीकडे झुकवा. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसेल आणि हाताने फिसकटणार नाही. शाळेत बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगा, शेजाऱ्याशी कोपर भिडत नाही. आडवी रेघ तो उजवीकडून डावीकडे ओढेल, शिरोरेघसुद्धा. डावऱ्या हाताला ती ओढ सोपी असते. टोकू नका.

हस्ताक्षराचा क्लास आत्ता नको. अक्षराला वळण लावायचं तर आधी अक्षर हवं. तिसरीत त्याचं अक्षर कुणालाच वाचता आलं नाही तर तेव्हा बघू.

मग काळजी कधी करायची? साडेपाच-सहा झाल्यावरही त्याला साधा गोल किंवा उभी-आडवी रेघ छेदून काढता येत नसेल, शर्टाची बटणं, चमचा, कात्री यांतही हात सतत चुकत असेल, दोन मिनिटांत हात दुखतो म्हणत असेल, डोकं वहीला टेकवून बघत असेल (आधी डोळे तपासा), किंवा बोलताना आवाज गाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. आठव्या वर्षाच्या आसपासही अक्षरं उलटी येत असतील आणि वाचनही अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. साडेचार वर्षांच्या मुलाने ‘अ’ची काठी लांब काढली, एवढ्यावर यातलं काहीच लागत नाही.

पहिले पंधरा दिवस वही घरी उघडूच नका. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, ताट किंवा पाटी. पहिला आठवडा फक्त काठ्या आणि गोल, दुसऱ्यात त्याच्या नावातला ‘न’. तो कंटाळला की सहाव्या मिनिटाला उठा, पण “चल, संपलं” हे तुम्ही म्हणा, तो टेबलाखाली जायच्या आत. आणि त्या फोटोतलं पान टाकू नका. त्या पहिल्या तीन अक्षरांखाली तारीख घालून ठेवा.

ता. क. ‘ल’चं राहिलंच. मोबाईलवरच्या पुष्कळ फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, म्हणून ते तुमच्या पुस्तकाशी जुळत नाहीत. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, हेच प्रमाण धरलेत. हाताला पुस्तकातला ‘ल’ शिकवा. मोबाईलवरचा त्याला दाखवून “हा पण ल, याने वेगळा सदरा घातलाय” एवढं सांगितलं की पुरे. वाचताना मुलांना दोन्ही चालतात.